तीस वर्षं उशिरा म्हातारीचा बूट



गेल्या डिसेंबरातल्या एका दिवसाच्या सहलीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. सहल तशी साधी. अलिबागहून बोटीने मुंबई, वाळकेश्वरचं आदीश्वर मंदिर, कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, समोरचं हँगिंग गार्डन आणि रात्री घरी परत. नातवंडांना घेऊन कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पण त्या दिवशी माझी एक जुनी थकबाकीही निघाली. ती लपवून नुसतं डब्यात काय नेलं एवढंच लिहिलं, तर ते लिहिणं खोटं होईल.

नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं पुण्याहून आमच्याकडे आली होती. नात आठ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. दोन दिवस समुद्र झाला, वाळूत किल्ले झाले, भरतीने ते मोडूनही नेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाची कणीक मळत होते, तेव्हा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, उद्या मुंबईला जाऊ. मुलांना म्हातारीचा बूट दाखवायचा आहे."

सुनेला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, "चालेल की, मी तिकिटं बघते." माझे हात मात्र परातीतच थांबले. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो मोबाइलमध्ये बोटीच्या वेळा बघत होता. त्याच्या लक्षात आहे की नाही, हे काही मला कळेना.

आता आधी तयारीचं सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणी मला तेच विचारतात.

माझा रात्रिभोजनाचा त्याग आहे. लग्नाआधी कुंभोजच्या बाहुबलीला गेलो होतो तेव्हा महाराजांकडून तो नियम घेतला, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होतील. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे 48 मिनिटं आधी, माझं ताट उचललेलं असतं. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहा-दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सव्वापाचला सगळं आटोपायला हवं. प्रवासात हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की घड्याळ आधी मांडा आणि सहल त्याच्याभोवती बसवा.

पहाटे साडेचारला उठून पाणी उकळलं. गाळलेलं पाणी दोन घटकाच चालतं, उकळलेलं चोवीस तास, म्हणून बाहेर जाताना मी उकळलेलंच नेते. दुधात कणीक भिजवून पंचवीस दशम्या केल्या. तिळाची चटणी, गुळाचा खडा, घट्ट तूप. मुलांसाठी कच्च्या केळ्याचे वडे. केळी उकडून कुस्करायची, त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि किंचित साखर, वरून बेसनाचं आवरण. बटाटा नाही हे नातवाला कळलंसुद्धा नाही. संत्री, चिक्की आणि एक रिकामा डबा सालं-कचरा परत आणायला. बाहेरचं काही विकत घेण्याची वेळच येऊ नये इतकं भरून घेतलं.

अलिबागहून मांडवा 20 किलोमीटर. तिथून भाऊच्या धक्क्यापर्यंत मार्च 2020 पासून रो-रो बोट आहे. गाडी खाली ठेवायची, आपण वर जाऊन बसायचं आणि तासाभरात मुंबई. रस्त्याने पेण-पनवेलवरून शंभरेक किलोमीटर पडतात, त्यापेक्षा हे फार बरं. नुसतं माणसांनाच जायचं असेल तर मांडव्याहून गेटवेला लाँच आहे. ती पावसाळ्यात बंद असते एवढं लक्षात ठेवा.

बोटीवर ह्यांनी नातवाला पाण्यातली खांदेरी-उंदेरी दाखवायचा प्रयत्न केला. त्याला मात्र बोटीच्या पोटात आपली गाडी बुडत तर नाही ना, हीच काळजी.

वाळकेश्वरला मंदिरात आम्ही साडेदहाला पोचलो. बाबू अमीचंद पन्नालाल यांनी बांधवलेलं हे आदीश्वरांचं मंदिर 1904 सालचं. दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, नातवाने दोघांनाही नाव विचारून घेतलं. मंदिर श्वेतांबर परंपरेचं. आपल्याकडच्या मूर्तीची नजर नासाग्री, अंगावर काही नाही. इथे डोळे उघडे, तेजस्वी, अंगावर आंगी. नातीने विचारलं, "आजी, हे आपले देव आहेत का?" मी म्हटलं, "हे ऋषभदेव. आपल्या देव्हाऱ्यात आहेत तेच. आपल्याकडे आदिनाथ म्हणतात." याच भगवंतांनी माणसांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कामं शिकवली, असं आपल्या पुराणात आहे. मी कॉमर्सची, त्यामुळे वाणिज्य हा शब्द आला की मला उगीचच बरं वाटतं. वर घुमटात ग्रहांची रंगीत चित्रं आहेत, ती पाहायला मुलांची मान वर करून दुखायला लागली.

मुलगा बाहेरच उभा होता. गाडी लावायला गेलो होतो म्हणाला. आत आला, हात जोडले आणि दोन मिनिटांत निघाला. मी काही बोलले नाही. गेली पंधरा-वीस वर्षं मी याबाबत काही बोलत नाही.

मंदिराच्याच रस्त्याने, म्हणजे बाळ गंगाधर खेर मार्गाने, वर गेलं की एका बाजूला हँगिंग गार्डन आणि दुसऱ्या बाजूला कमला नेहरू पार्क. हे पार्क 1952 सालचं, पंडित नेहरूंच्या पत्नीचं नाव दिलेलं. कठड्याशी उभं राहिलं की खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा सगळा गोल दिसतो. आणि मधोमध तो बूट. सोली आरसीवाला नावाच्या अभियंत्याने त्याचा आराखडा केला. इंग्रजी बालगीतातली बुटात राहणारी म्हातारी आहे ना, तिचं हे घर. आतून जिना आहे, वर गेलं की गच्चीसारखी जागा. आपल्या पिढीने हा बूट आधी चित्रांत आणि सिनेमात पाहिला आणि मग खरा पाहिला. मी तर तो खरा पाहिलेलाच नव्हता.

नातवंडं चपला हातात घेऊनच धावली. आत्ताच मंदिरात चपला काढल्या होत्या म्हणून इथेही काढायच्या असं नातवाला वाटलं. बुटात जायला बूट काढायचे, यावर सगळे हसले. मुलगा त्यांच्या मागोमाग दाराशी गेला, तर तिथल्या रखवालदाराने हात आडवा केला. "साहेब, फक्त लहान मुलं."

मुलगा थांबला. चाळिशीच्या माणसाला बुटात जाऊ दिलं नाही, यात खरं तर हसण्यासारखंच होतं आणि तोही हसला. पण हसून झाल्यावर तो तसाच उभा राहिला, हात खिशात घालून, वरच्या खिडकीकडे बघत. तेव्हा मला कळलं की त्याच्या लक्षात आहे.

आता ती जुनी गोष्ट सांगते.

1995 चा डिसेंबर. मुलगा चौथीत होता. ह्यांची नोकरी थळच्या खत कारखान्यात, आम्ही वसाहतीत राहायचो. शाळेची सहल मुंबईला निघाली. रेवसहून लाँचने भाऊचा धक्का, राणीचा बाग, मत्स्यालय, म्हातारीचा बूट आणि रात्री परत. चिठ्ठीत लिहिलं होतं, संध्याकाळी मुलांना वडापाव देण्यात येईल. त्या दिवशी चतुर्दशी होती. मी चिठ्ठीवर सही केली नाही.

आज विचार केला तर डबा देता आला असता. बाईंना भेटून सांगता आलं असतं. सोबत जाते म्हणता आलं असतं. पण मी तरुण होते, आसपास आपल्यातलं एकही घर नव्हतं, सांगलीपासून इतक्या दूर येऊन नियम सांभाळण्याचा मला अभिमान होता आणि भीतीही होती. एकदा सैल सोडलं की सगळंच सुटेल अशी भीती. मुलगा रडला. मी म्हटलं, "पाप लागतं." यापुढे कारण दिलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला स्वतःलाही कारण नीट मांडता आलं नसतं.

सहलीच्या नंतर वर्गात सगळ्यांना निबंध लिहायला दिला, 'आमची सहल'. यानेही लिहिला. मित्रांकडून ऐकून ऐकून दीड पान लिहिलं. लाँच हलत होती, समुद्रात पक्षी होते, वाघ झोपला होता. आणि शेवटी लिहिलं, बुटात खरंच एक म्हातारी बसली होती आणि तिने आम्हा सगळ्यांना एक एक लाडू दिला. बाईंनी खाली 'छान' लिहून दिलं होतं.

ती वही माझ्या हातात पडली. शाळेतून येऊन तो हातपाय धूत होता. ह्यांची दुसरी पाळी होती, घरात आम्ही दोघंच. मी वही त्याच्यासमोर धरली. न गेलेल्या सहलीचं लिहिलंस, असत्य बोललास, बाईंना फसवलंस. त्याला देव्हाऱ्यासमोर पाटावर बसवलं, हातात माळ दिली आणि सांगितलं, एकशे आठ वेळा णमोकार म्हण, त्यानंतरच ताट मिळेल.

हुंदके देत देत तो म्हणत होता. मध्येच आकडा चुकायचा, मी पुन्हा मागे न्यायची. माळ पूर्ण झाली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. आता जेवायची वेळ टळली, असं मीच त्याला सांगितलं. दूधसुद्धा दिलं नाही. नऊ वर्षांचं पोर उपाशी झोपलं.

मैत्रिणींनो, हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. त्यानंतर तो माझ्याबरोबर संध्याकाळी आरतीला बसायचा, पण आवाज काढायचा नाही. बारावीनंतर पुण्याला गेला आणि हळूहळू सगळंच सुटलं. मी लोकांना सांगायची, शिक्षणामुळे, नोकरीमुळे, शहरामुळे. ते खोटं नाही. नोकऱ्या करून दोघं आठला घरी येतात, जेवायला साडेनऊ होतात. पण सुटायला सुरुवात कुठे झाली, ते मला माहीत होतं. ज्या मंत्राने मन शांत व्हावं तो मी त्याला शिक्षा म्हणून दिला होता.

इतक्यात नातवंडं बुटातून उतरली. नात म्हणाली, "आत कुणीच नाही. नुसता जिना आहे."

मुलगा पटकन म्हणाला, "अगं, आत एक म्हातारी असते. लाडू देते."

"नाही हो बाबा. आणि गाण्यातली म्हातारी लाडू देतच नाही. तिला खूप मुलं असतात, काय करावं ते तिला सुचत नाही. मग ती मुलांना नुसतं सूप देते, ब्रेड देत नाही, मारते आणि झोपायला पाठवते." शाळेत शिकवलेलं ती भराभर सांगत होती. "आजी, ती का मारते?"

मी काय उत्तर देणार? म्हटलं, "काय करावं ते सुचत नसेल म्हणून."

"मग विचारायचं ना कुणालातरी," असं म्हणून ती घसरगुंडीकडे पळाली.

तिथेच झाडाखालच्या बाकावर बसून जेवलो. वडे संपले, दशम्या मी संध्याकाळसाठी राखून ठेवल्या. दुपारी सुनेने मोबाइलवरून वेळ घेऊन ठेवली होती, तो नवा लाकडी रस्ता पाहिला. मार्च 2025 मध्ये तो खुला झाला. कमला नेहरू पार्कामागच्या उतारावर, झाडांच्या उंचीवरून चालत जायचा पूल आहे, सुमारे 485 मीटर लांब. तिकीट 25 रुपये. मला तो फार आवडला. आपल्याला हिरवळीवरून चालायचं नसतं, पावलाखाली काय चिरडेल याची धास्ती असते. इथे खाली सगळी झाडी, पाचोळा, किडे-मुंग्या आपापल्या जागी आणि आपण वरून चाललोय, कुणालाही पाय न लावता. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल, मला जमलं. मध्ये एका ठिकाणी काचेवरून खाली दिसतं, तिथे मात्र मी ह्यांचा हात धरला.

चार वाजता हँगिंग गार्डनमध्ये आलो. नाव फिरोजशहा मेहता उद्यान, पण ते कुणी म्हणत नाही. नातवाने शिरताक्षणी विचारलं, "टांगलेली कुठे आहे?" बाग टांगलेली नाहीच. ती पाण्याच्या टाकीवर बसवलेली आहे. 1880 च्या दशकात इंग्रज अमदानीत या टेकडीवर शहरासाठी मोठी टाकी बांधली आणि तिच्या छतावर माती घालून बाग केली. दक्षिण मुंबईचं पाणी अजूनही इथूनच जातं, सुमारे 15 कोटी लिटर मावतं म्हणे. जवळच पारशांची डुंगरवाडी आहे. गिधाडांच्या चोचीतून काही पाण्यात पडू नये म्हणून टाकी झाकली, असं जुने लोक सांगतात. काही वर्षांपूर्वी ही टाकी पाडून नवी बांधायचं चाललं होतं. शेकडो झाडं जातील, बाग कित्येक वर्षं बंद राहील म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि बेत मागे पडला.

मी नातवंडांना सांगितलं, "आपण घरी माठाच्या तोंडाला फडकं बांधतो ना, तसं हे फडकं. फक्त हिरवं." नात लगेच वाकून जमिनीला कान लावायला लागली, खाली पाणी ऐकू येतं का बघायला. मग हत्ती, उंट यांच्या आकारात कापलेली झुडपं मोजण्यात दोघं रमली. ह्यांनी त्यांना सांभाळायचं कबूल केलं, सून फोटो काढायला गेली. बाकावर मी आणि मुलगा दोघंच उरलो.

साडेचार वाजले होते. मी डबा उघडला. दशमीवर तूप आणि चटणी घालून त्याच्या हातात दिली. तो खायला लागला, समोर समुद्रावर ऊन उतरत होतं.

दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला आपण सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणतो. मी यादी करून म्हणते. नणंदा, जावा, शेजारी, जुन्या मैत्रिणी, ज्यांच्याशी वर्षभरात एक वाकडा शब्दही झालेला नाही त्यासुद्धा. मोबाइल आल्यापासून तर दीडशे-दोनशे संदेश जातात. मुलालाही जातो, तोच, हात जोडलेल्या चित्राचा. तोही उलट हात जोडलेलं चित्र पाठवतो. ज्याच्याकडे खरी बाकी होती, त्याच्या खात्यावर मी तीस वर्षं एक रुपयाही जमा केला नव्हता.

मी म्हटलं, "तुला चौथीतली सहल आठवते?"

तो खाताना थांबला नाही. "हं."

"मी तुला पाठवायला हवं होतं. आणि तो निबंध... माझं चुकलं रे. जेवायला न देता झोपवलं तुला. जपाची शिक्षा केली. मला क्षमा कर."

एवढंच बोलता आलं. त्या रात्री मीही जेवले नव्हते. ते सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण क्षमा मागताना आपली बाजू मांडायची नसते, म्हणून गप्प राहिले.

तो बराच वेळ समुद्राकडे बघत होता. मग म्हणाला, "आई, मला भूक नाही आठवत. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मणी मोजत होतीस, ते आठवतं. मला तेव्हा वाटायचं, तुझं देवाशी काहीतरी आहे, त्यात मी मध्ये येतो."

मला रडू आलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, मग जरा वेळाने काढला आणि डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अजून एक दे." मी दिली. मग मुलं आली, सून आली, सगळेच जेवले. पाच वाजून दहा मिनिटांनी मी डबा बंद केला.

नातीने विचारलं, "आजी, तू इतक्या लवकर का जेवतेस?" याच प्रश्नाला मी तिच्या बापाला एका शब्दात गप्प केलं होतं. या वेळी तिला जवळ बसवलं. म्हटलं, अंधार झाला की दिवा लावावा लागतो, दिव्यावर बारीक बारीक किडे येतात, चुलीवर येतात, ताटात पडतात, आपल्याला दिसत नाहीत. कुणाचा जीव आपल्या घासात जाऊ नये म्हणून मी उजेडातच जेवते. ती म्हणाली, "पण आता लाइट असतो." मी म्हटलं, "लाइटवर किडे जास्त येतात, आपल्या व्हरांड्यात बघ." तिने मान डोलावली. पटलं की नाही, कोण जाणे.

खरी परीक्षा रात्री बोटीवर झाली. खाण्याच्या काउंटरवर काहीतरी गरम तळत होते आणि वास सुटला होता. नातू माझा पदर ओढायला लागला, "आजी, मला दे ना घेऊन." आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींचा दोष सांगितलाय. मी विकत घेऊन दिलं तर ते करवणं झालं. आणि नाही म्हटलं, हात धरून ठेवला, तर पुन्हा तीच 1995 ची मी. क्षणभर मला काही सुचेना. बुटातल्या म्हातारीसारखंच.

शेवटी मी म्हटलं, "मी नाही आणून देणार, कारण माझा नियम आहे. पण तुला नियम नाही. तू बाबांना विचार." तो बाबांकडे पळाला. मुलगा माझ्याकडे बघून हसला आणि त्याला घेऊन काउंटरकडे गेला. नातू समोसा खात माझ्याच शेजारी येऊन बसला. आत बटाटा होता. मी खिडकीबाहेर बघितलं नाही, त्याच्याकडेच बघितलं, तोंड पुसून दिलं. नातीने घेतला नाही. झोप आली होती म्हणून की आणखी कशामुळे, ते मी विचारलं नाही, आणि तिची पाठही थोपटली नाही. एकाचं कौतुक म्हणजे दुसऱ्याला शिक्षा, एवढं आता कळतं.

त्या दिवसानंतर मुलाने रात्रीचं जेवण सोडलं, असं काही झालेलं नाही. तसं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खरं नाही. एवढंच झालं, की पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तेव्हा तो आपणहून मागे येऊन बसला. त्याने आरती म्हटली नाही. नातवाला मांडीवर घेऊन नुसता बसला. माळ तिथेच होती. नातवाने ती उचलून मणी मोजायला सुरुवात केली, वीसनंतर त्याचे आकडे गडबडले. मी दुरुस्त केले नाहीत.

ज्या लेकी-सुना आता लहान मुलांना वाढवताहेत त्यांना माझं एवढंच सांगणं. शाळेच्या सहलीची चिठ्ठी आली तर सही करा, पहाटे उठून डबा करून द्या, आणि का ते समजावून सांगा. पटलं तर पोर पाळेल. नाही पटलं तरी पोर तुमचं राहील.

आणि जाल तेव्हा कच्च्या केळ्याचे वडे जरा जास्तच न्या. आमचे दुपारीच संपले.

जय जिनेंद्र.